एक अंडं, दोन शब्द आणि इंग्रजीत राहायला आलेली माणसं

(पडद्यावर: थेम्स नदीचं मुख, धुकं, शिडाचं एक जहाज नांगर टाकून थांबलेलं)

पंधराव्या शतकातली गोष्ट. लंडनहून काही व्यापारी जहाजाने निघालेत, जायचंय पलीकडे झीलंडला, म्हणजे आजच्या नेदरलँड्समध्ये, आणि मध्येच वारा पडला. शिडाचं जहाज, वारा नाही म्हणजे सगळं ठप्प. मग किनाऱ्याला लागले आणि पोटाचं काहीतरी बघू म्हणून खाली उतरले. त्यातला एक शेफील्ड नावाचा कापड व्यापारी एका घरी गेला आणि तिथल्या बाईंकडे अंडी मागितली. म्हणाला, 'एग्ज' आहेत का? बाई म्हणाल्या, मला फ्रेंच येत नाही हो.

आता हा भडकला, कारण फ्रेंच ह्यालाही येत नव्हतं! तो बिचारा इंग्रजीच बोलत होता. शेवटी दुसरा कोणीतरी मध्ये पडला आणि म्हणाला, ह्याला 'आयरेन' पाहिजेत. तेव्हा बाईंना कळलं.

हा किस्सा विल्यम कॅक्स्टनने 1490 मध्ये लिहून ठेवलाय. कॅक्स्टन म्हणजे इंग्लंडात पहिला छापखाना टाकणारा माणूस, आणि त्याचं दुखणं अगदी धंद्यातलं होतं, की बाबांनो मी छापू काय? एग्ज छापू की आयरेन? अर्ध्या गिऱ्हाइकांना एक कळतं, अर्ध्यांना दुसरं.

त्या बाईंचा शब्द जुना, घरचा. शेफील्डचा शब्द बाहेरचा, पण फ्रेंच नव्हे. तो बोटीतून आला होता, कुऱ्हाडी घेऊन आलेल्या लोकांबरोबर. ते कसे आले, आणि लुटायला आलेल्या माणसांनी अंड्यासारखा साधा शब्द कसा काय बदलला, हे बघायचं तर हजारेक वर्षं मागे जावं लागेल. मला स्वतःला ह्या सगळ्यात एकच गोष्ट फार इंटरेस्टिंग वाटते, की इंग्लंडात जो जो आला तो कसा आला, शेजारी म्हणून राहिला की डोक्यावर बसला, ते त्याने मागे ठेवलेल्या शब्दांवरून जवळपास ओळखता येतं.

(पडद्यावर: नदी, हिरवा डोंगर, पाऊस)

सगळ्यात आधी तिथे ब्रिटन लोक होते, केल्टिक भाषा बोलणारे. इ.स. 43 मध्ये सम्राट क्लॉडियसचं रोमन सैन्य आलं आणि जवळजवळ पावणेचारशे वर्षं बसलं, रस्ते बांधले, छावण्या बांधल्या. रोमन छावणीला लॅटिनमध्ये म्हणायचे 'कास्त्रा', म्हणून ज्या गावाच्या शेवटी चेस्टर किंवा कास्टर दिसेल, मँचेस्टर, विंचेस्टर, लँकास्टर, डॉनकास्टर, तिथे बहुतेक वेळा रोमनांचा तळ पडलेला असतो. मँचेस्टर युनायटेडचा टीशर्ट घालून फिरणाऱ्या आपल्या पोरांच्या छातीवर एक रोमन छावणी आहे म्हणायची.

साधारण 410 पर्यंत रोमन निघून गेले, घरीच आग लागली होती त्यांच्या. मागे राहिले ब्रिटन, आणि उत्तरेकडून त्यांच्यावर हल्ले सुरू. पुढची गोष्ट बीड नावाचा साधू सांगतो, त्याने ती 731 मध्ये लिहून पूर्ण केली म्हणजे घटनेनंतर पावणेतीनशे वर्षांनी, त्यामुळे थोडी जपूनच घ्यायची. व्हॉर्टिगर्न नावाच्या राजाने मदतीला समुद्रापलीकडून भाडोत्री लढवय्ये बोलावले, हेंगिस्ट आणि हॉर्सा हे दोघे भाऊ त्यांचे पुढारी, तीन जहाजं भरून आले, आणि आल्यावर त्यांना कळलं की जमीन झकास आहे आणि मालक कमजोर आहे. मग त्यांनी गावाकडे निरोप धाडला. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको.

अँगल, सॅक्सन आणि ज्यूट, अशी तीन नावं बीड देतो. आजच्या उत्तर जर्मनी-डेन्मार्कच्या बाजूचे लोक. ह्यातल्या अँगल लोकांवरून 'इंग्लिश' हे नाव आलं, त्यांचा मूळ मुलूख अँगेल्न अजूनही जर्मनीत आहे, डेन्मार्कच्या हद्दीजवळ. सॅक्सन लोकांवरून ससेक्स, एसेक्स, वेसेक्स, म्हणजे दक्षिणेचे, पूर्वेचे आणि पश्चिमेचे सॅक्सन. हे लोक किती आले ह्यावर खूप वर्षं वाद होता, काही म्हणायचे की मूठभर सरदार आले आणि बाकीच्यांनी भाषा उचलली. मग 2022 मध्ये जुन्या हाडांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास आला, त्यात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या त्या काळच्या लोकांचा सरासरी 76 टक्के वंश समुद्रापलीकडचा निघाला. म्हणजे बायकापोरांसकट, बोचकी बांधून आलेली माणसं होती ही.

आणि ज्यांची जमीन होती त्यांचं काय? त्यांना ह्या नव्या मंडळींनी नाव ठेवलं 'वेआल्ह', म्हणजे परका. स्वतःच्याच घरात परके! त्याच शब्दाचं पुढे 'वेल्श' झालं. वेल्श लोक स्वतःला काय म्हणतात? कम्री, म्हणजे आपण एका मुलखाची माणसं. आणि इंग्रजी भाषेला ते आजही 'सायस्नेग' म्हणतात, सॅक्सनांची भाषा. दीड हजार वर्षं झाली पण विसरले नाहीत. अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट म्हणतात ना, तोही हाच 'परका', परक्यांचं कवचाचं फळ.

हरलेल्यांचे शब्द जिंकणाऱ्यांच्या भाषेत किती गेले? अगदी बोटावर मोजण्याइतके. पण नद्यांची नावं मात्र राहिली, थेम्स, एक्स, एव्हन. आणि त्यातही गंमत बघा, वेल्श भाषेत 'आवोन' म्हणजे नदी. कुणा सॅक्सनाने बोट दाखवून विचारलं असेल, ह्याला काय म्हणता? समोरचा म्हणाला, नदी. ह्याने लिहून घेतलं, एव्हन नदी. म्हणजे 'नदी नदी'. अशा एव्हन नद्या इंग्लंडात बऱ्याच आहेत. लँकेशायरमध्ये पेंडल हिल म्हणून डोंगर आहे, त्यात 'पेन' म्हणजे केल्टिक डोंगर, त्याला सॅक्सनांनी त्यांचा 'हिल' जोडला, त्याचं झिजून पेंडल झालं, मग कोणाला आठवेना म्हणून परत एकदा हिल. डोंगर डोंगर डोंगर.

(पडद्यावर: चूल, भाकरीचं पीठ, लहान मूल)

आज इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरले जाणारे शंभर शब्द काढले तर जवळपास सगळे ह्या अँग्लो-सॅक्सन मंडळींचे निघतात. हाऊस, वॉटर, ब्रेड, मदर, चाइल्ड, ईट, स्लीप. शाळेत आपण पहिलीत जे शिकलो ते सगळं. बरं, वारसुद्धा. ट्यूझडे हा टिव नावाच्या युद्धदेवाचा, वेन्सडे वोडनचा, थर्सडे थुनोरचा, फ्रायडे फ्रिग देवीचा. आता आपले वार लावून बघा. मंगळ म्हणजे रोमनांचा मार्स, त्यांचा युद्धदेव, आणि टिवही युद्धदेव. शुक्र म्हणजे व्हीनस, आणि तिकडे फ्रिग. रोमनांची ग्रहांची यादी एका हाताने जर्मन जंगलात गेली आणि दुसऱ्या हाताने ज्योतिषाबरोबर आपल्याकडे आली, त्यामुळे रत्नागिरीतला मंगळवार आणि लंडनमधला ट्यूझडे हे लांबचे का होईना पण चुलतभाऊ आहेत. शनिवारी तर इंग्रजांनी देव बदललाच नाही, सॅटर्न म्हणजे शनीच.

ह्या जुन्या इंग्रजीची अजून एक गोष्ट मराठी माणसाला ऐकायला बरी वाटेल. तिला तीन लिंगं होती. तो, ती, ते! सूर्य 'ती' होता, चंद्र 'तो' होता, आणि बाईसाठी जो 'वीफ' शब्द होता, ज्याचं आज वाइफ झालं, तो नपुंसकलिंगी. ती बाई नाही, 'ते' बाई. विभक्तीसुद्धा होत्या. आपण कसं 'कुत्रा माणसाला चावला' म्हणा की 'माणसाला कुत्रा चावला' म्हणा, 'ला' जागेवर आहे तोवर कोण कोणाला चावला हे नक्की. जुन्या इंग्रजीत असं चालायचं. आज शब्द उलटे केले की माणूस कुत्र्याला चावतो. ते प्रत्यय गेले कुठे? थांबा, त्यासाठीच पुढचे पाहुणे येतायत.

त्याआधी एक शांत पाहुणा येऊन गेला. पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टिन नावाचा साधू 597 मध्ये केंटमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, पोचला, ख्रिस्ती धर्म आला, धर्माबरोबर लॅटिन आली, बिशप, मंक, कँडल, स्कूल, मास्टर हे शब्द आले आणि रोमन लिपीही आली. ठीक आहे, पुढे.

(पडद्यावर: लिंडिसफार्न बेट, भरतीचं पाणी, अचानक ढोल)

8 जून 793. नॉर्थंब्रिया म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेचं राज्य, त्याच्या किनाऱ्यावर लिंडिसफार्न नावाचं बेट, त्यावर मठ, मठात सोनं आणि निःशस्त्र साधू. व्हायकिंग लोकांना, म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून बोटीने येणाऱ्या लुटारूंना, आणखी काय पाहिजे? लुटलं, मारलं, काहींना धरून नेलं. पुढची सत्तर वर्षं हाच सीझनल धंदा, उन्हाळ्यात या, लुटा, जा. पण 865 मध्ये आले ते मोठी फौज घेऊन आणि परत गेलेच नाहीत. पुढच्या वर्षी यॉर्क पडलं. आणि मग जुन्या इंग्रजी बखरीत 876 सालची एक नोंद येते, मला ती लढायांपेक्षा महत्त्वाची वाटते: हाफडान नावाच्या व्हायकिंग सरदाराने नॉर्थंब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून दिली आणि ती माणसं नांगरायला लागली, स्वतःचं पोट भरायला लागली.

झालं. कुऱ्हाडवाला शेतकरी झाला. आता त्याला शेजाऱ्याकडून बैल मागायचाय, बाजारात मेंढी विकायचीय, आणि जमलं तर शेजाऱ्याच्या मुलीशी लग्न करायचंय.

दक्षिणेत वेसेक्सचा राजा आल्फ्रेड दलदलीत लपून बसला होता, तिथून निघून 878 मध्ये एडिंग्टनला त्याने गुथ्रम नावाच्या व्हायकिंग सरदाराच्या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, फौजेला हरवलं, तह झाला, गुथ्रमने बाप्तिस्मा घेतला आणि देशाचे साधारण दोन भाग पडले. उत्तर-पूर्वेच्या भागाला पुढे 'डेनलॉ' म्हणायला लागले, जिथे डेन लोकांचा कायदा चालतो तो मुलूख. आणि हा 'लॉ' शब्द, ज्यावर सगळी इंग्रजी कोर्टं उभी आहेत, तोही व्हायकिंगांचाच बरं का! ह्यापेक्षा मोठा जोक मला माहीत नाही. त्यांच्या भाषेत गावाला म्हणायचे 'बी', म्हणून डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी. आणि गावाचा कायदा तो 'बायलॉ'. तुमच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी जेव्हा बायलॉजची फाइल काढून पार्किंगवरून भांडतात तेव्हा त्यांच्या हातात एक व्हायकिंग शब्द असतो.

व्हायकिंगांची आणि सॅक्सनांची भाषा जवळची होती, आपली मराठी आणि कोकणी जेवढी जवळ साधारण तेवढी समजा. मुळं सारखी, शेपट्या वेगळ्या. मग बाजारात दोघं काय करणार? शेपटी गिळायची, मुळावर भागवायचं. शेवटच्या प्रत्ययावरून समोरच्याचा घोटाळा होतोय तर तो पुटपुटून टाकायचा. अनेक अभ्यासकांचं म्हणणं आहे की इंग्रजीची लिंगं आणि विभक्ती झिजल्या त्याला ही सरमिसळ बरीच कारणीभूत आहे, कारण झीज आधी उत्तरेत दिसते, जिथे हे लोक राहिले तिथेच. सगळे प्रत्यय काही गेले नाहीत, एक राहिला, नावाच्या शेवटी लागणारा तो अ‍ॅपॉस्ट्रॉफी एस. तो जुन्या षष्ठीचा अवशेष आहे, त्यांचा चा-ची-चे.

आणि शब्द कुठले दिले? स्काय, स्किन, लेग, नाइफ, केक, अग्ली, अँग्री, रॉंग, टेक, गेट, डाय. स्कर्ट आणि शर्ट तर एकाच मुळाचे दोन कपडे, 'स्क' वाला व्हायकिंगांचा, 'श' वाला सॅक्सनांचा. हजबंड म्हणजे घराचा धनी. विंडो तर फारच सुंदर आहे, 'विंड-आउगा', वाऱ्याचा डोळा. आपल्याकडे संस्कृतातून आलेला गवाक्ष शब्द आहे, त्यातही अक्ष म्हणजे डोळाच, बैलाचा डोळा. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावंसं दोन्हीकडे वाटलं. आणि अर्थात एग. केंटच्या बाजूला त्या बाई 'आयरेन' म्हणत राहिल्या आणि उत्तरेतलं 'एग' हळूहळू खाली सरकत लंडनपर्यंत आलं.

पण सगळ्यात मोठं दान म्हणजे 'दे, देम, देअर'. सर्वनामं! भाषा शेजाऱ्याकडून भांडी घेतात, भाज्या घेतात, शिव्या तर हमखास घेतात, पण 'ते' आणि 'त्यांचं' कोण उसनं घेतं? विचार करा, आपण उद्या 'ते' ऐवजी दुसऱ्याच भाषेतला शब्द वापरायला लागलो तर किती जवळ यावं लागेल त्यांच्या. जुन्या इंग्रजीत 'तो', 'ती' आणि 'ते सगळे' हे तिन्ही शब्द उच्चारात एकमेकांच्या फार जवळ आले होते, नुसता गोंधळ, त्यामुळे शेजाऱ्याचा ठसठशीत शब्द सोयीचा पडला. पण जुना शब्दही पूर्ण मेला नाही, इंग्रजी पिक्चरमध्ये हिरो ओरडतो ना 'गेट एम', तो 'एम' म्हणजे देमचा शॉर्टकट नाही, तो जुना सॅक्सन 'हेम' आहे.

(पडद्यावर: घोडे, बाण, मग शांत दगडी किल्ला)

आता 1066. इंग्लंडचा राजा हॅरल्ड, सप्टेंबरच्या 25 तारखेला उत्तरेत नॉर्वेच्या राजाला हरवून दमलेला, तेवढ्यात बातमी, दक्षिणेला नॉर्मंडीचा विल्यम उतरलाय. धावतपळत खाली आला आणि 14 ऑक्टोबरला हेस्टिंग्जला मारला गेला. नाताळच्या दिवशी विल्यमला मुकुट. हे नॉर्मन म्हणजे कोण? 'नॉर्थमेन'. 911 च्या सुमाराला फ्रान्सच्या किनाऱ्यावर बस्तान बसवलेले व्हायकिंगच, पाच पिढ्यांत घरची भाषा विसरून फ्रेंच बोलायला लागलेले. एकाच घराण्याने दोनदा घर फोडलं, दुसऱ्या वेळी कपडे बदलून.

पण ह्यावेळी शेजार नव्हता. हे वरून आले आणि वरच बसले. वीस वर्षांत मोठी जमीनदारी जवळपास सगळी नॉर्मनांच्या हातात, बिशपही त्यांचे, कोर्टाची भाषा फ्रेंच, कागदपत्रं लॅटिनमध्ये. इंग्रजी गेली गोठ्यात. म्हणून शब्द बघा कुठले आले: गव्हर्नमेंट, पार्लमेंट, टॅक्स, कोर्ट, जज, जेल, प्रिझन, क्राइम, आर्मी, सोल्जर. मध्ययुगात एकूण दहाएक हजार फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले असा अंदाज आहे. कर्फ्यू हा शब्दसुद्धा, मूळ अर्थ 'विस्तव झाका', रात्रीची घंटा झाली की चूल झाकायची.

आपल्याला हे चित्र ओळखीचं वाटायला हरकत नाही. आपल्या कोर्टात जा, वकील, फिर्याद, दावा, जामीन, तारीख, सगळं फारसी-अरबीतून आलेलं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात अशा दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, आणि तरी वकील साहेब वकीलच राहिले.

नॉर्मनांचा एक किस्सा सगळीकडे सांगतात, की जनावर गोठ्यात असताना सॅक्सन आणि ताटात आलं की फ्रेंच. काऊचं बीफ, पिगचं पोर्क, शीपचं मटन. राबणारा सॅक्सन, खाणारा नॉर्मन. ऐकायला मस्त आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण इतकं स्वच्छ नव्हतं ते, कित्येक शतकं 'बीफ' म्हणजे जिवंत बैलसुद्धा चालायचा, गोठा आणि ताट ही वाटणी नंतर पक्की झाली. मला ह्यापेक्षा वॉरंटी आणि गॅरंटीची जोडी आवडते. दुकानदार तुम्हाला दोन्ही वेगवेगळे समजावून सांगतो, पण शब्द एकच आहे! नॉर्मंडीकडचे लोक 'व' म्हणायचे तिथे पॅरिसकडचे 'ग' म्हणायचे, आधी नॉर्मंडीचा माल आला, मग पॅरिसचा, इंग्रजीने दोन्ही ठेवून घेतले. वॉर्डन आणि गार्डियन पण तसेच.

स्पेलिंगचा राग येतो ना? त्यातलाही थोडा ह्यांच्यावर काढा. जुन्या इंग्रजीत राणी 'सी-डब्ल्यू'ने लिहायचे, फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी त्याचं 'क्यू-यू' केलं. पण नाइफमधला मुका 'के' मात्र त्यांचा नाही, तो खरंच उच्चारला जायचा, 'क्नीफ'. माणसांनी बोलायचं सोडलं, छापखान्याने सोडलं नाही.

मग इंग्रजी परत वर आली कशी? 1204 मध्ये राजा जॉनने नॉर्मंडी गमावली, सरदारांना एक किनारा निवडावा लागला. 1348 ला प्लेग आला, माणसं मेली, राबणाऱ्या हातांचा भाव वाढला आणि त्या हातांची भाषा इंग्रजी होती. शाळेत फ्रेंचमधून शिकवायचे, ते जॉन कॉर्नवॉल नावाच्या मास्तरने इंग्रजीतून सुरू केलं, आणि 1385 मध्ये ट्रेव्हिसा नावाचा लेखक कुरकुरतो की आता पोरांना त्यांच्या डाव्या टाचेला येतं तेवढंही फ्रेंच येत नाही, परदेशी गेल्यावर कसं होणार ह्यांचं! मराठी मीडियम की इंग्लिश मीडियम हा वाद ज्यांच्या घरी झालाय त्यांनी हे वाक्य फ्रेम करून ठेवावं. आणि 1362 मध्ये कायदा झाला की कोर्टात इंग्रजी बोला, लोकांना फ्रेंच कळत नाही. कायदा लिहिला कुठल्या भाषेत? फ्रेंचमध्ये.

(पडद्यावर: पुन्हा जहाज, पण ह्यावेळी कोकणचा किनारा)

सतराव्या शतकात ही सगळी गाठोडी घेऊन इंग्रज स्वतः बोटीत बसले आणि आपल्या किनाऱ्याला लागले. इथे त्यांना साप मारणारा एक चपळ प्राणी दिसला. नाव विचारलं, मराठीत सांगितलं, मुंगूस. त्यांच्या कानाला शेवटचा भाग 'गूस' ऐकू आला, गूस म्हणजे त्यांचा अँग्लो-सॅक्सन हंस, म्हणून स्पेलिंगही तसंच बसवलं, मंगूस.

आता गंमत अशी की एका गूसचे अनेक म्हणजे गीज, हा जुन्या सॅक्सनांचा नियम, आत स्वर बदलायचा. आपल्याकडे मुंगूसची मुंगसं होतात, आपणही आतला स्वर हलवतोच. पण इंग्रजी डिक्शनरी काढलीत तर तिथे बहुतेक ठिकाणी सरळ 'मंगूसेस' दिलंय. तरी दोन मुंगसं समोर आली की गोरा माणूस क्षणभर अडखळतोच, गीज म्हणू का?